अर्धं जहाज पोरांचं

युरोपातल्या बंदरांमध्ये दर उन्हाळ्यात शिडाच्या जहाजांची एक मोठी शर्यत होते. तिचं नाव 'टॉल शिप्स रेसेस'. उंच डोलकाठ्यांची ही जहाजं एखाद्या बंदरात तीन-चार दिवस मुक्कामाला येतात, गावात जत्रा भरते, लाखो माणसं धक्क्यावर लोटतात आणि मग सगळा तांडा पुढच्या बंदराकडे निघतो. शर्यतीचा मुख्य नियम वयाचा आहे. जहाजावरच्या माणसांपैकी निदान निम्मी १५ ते २५ वर्षांची असलीच पाहिजेत. प्रवासी म्हणून बसलेली पोरं चालत नाहीत. शिडं त्यांनी ओढायची, सुकाणू त्यांनी धरायचं, भांडी त्यांनी विसळायची आणि संडासही त्यांनीच घासायचे. आधी समुद्र पाहिलेला असण्याची अट नाही.

सगळ्यात मानाचा चषकही पहिल्या आलेल्या जहाजाला मिळत नाही. देशादेशांच्या पोरांमध्ये मैत्री वाढवायला कोणत्या जहाजाने जास्त हातभार लावला, यावर सगळ्या जहाजांची मंडळी मतं देतात आणि चषक कोणाचा ते ठरतं. ओमानच्या 'शबाब ओमान'ने तो अनेकदा घरी नेला आहे. शर्यतीच्या दोन टप्प्यांमध्ये जहाजं बरोबरीने, बिनशर्यतीचा प्रवास करतात, तेव्हा पोरांची अदलाबदल होते. पोलंडची मुलगी नॉर्वेच्या जहाजावर, नॉर्वेचा मुलगा जर्मन जहाजावर.

१५ ते २५ हे वय आपल्याकडे क्लास, टेस्ट सिरीज आणि 'तू फक्त अभ्यास कर' या तीन गोष्टींत जातं. त्या वयाच्या पोरांच्या हाती कोणी शंभर फुटी डोलकाठ्यांचं जहाज देतं, हे ऐकून आधी नवल वाटतं आणि मग हेवा.

*

माझी मावसबहीण न्यूकॅसलला राहते. तिची मुलगी सतरा वर्षांची. येत्या जुलैत ती अशाच एका जहाजावर जाणार आहे. भाड्याचे निम्मे पैसे तिथल्या एका धर्मादाय संस्थेने दिले, उरलेले तिने शनिवार-रविवारी कॅफेत कपबश्या उचलून जमवले. जायला अजून बरेच महिने आहेत, पण तयारी जोरात आहे. खुर्चीच्या पायाला दोर बांधून ती बोलाइनची गाठ मारते, सोडते, परत मारते. आता डोळे मिटूनही जमते म्हणाली. सामानाच्या यादीत चाकांची बॅग आणू नका असं स्पष्ट लिहिलं आहे, कारण जहाजावर ती ठेवायला जागाच नसते. घडी होणारी पिशवी हवी. डोक्याला बांधायचा दिवा हवा आणि त्याला लाल प्रकाश हवा. रात्री कोणी पांढरा दिवा लावला, तर अंधाराला सरावलेले पहाऱ्यावरचे डोळे दिपतात आणि पुन्हा नीट दिसायला बराच वेळ जातो.

रत्नागिरीहून आजीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"अगो, फोन लागेल ना तिथे?"

"किनारा लांब गेला की नाही लागत, आजी."

"आणि जेवणाखाण्याचं काय?"

"आम्हीच करायचं. पाळ्या असतात. चाळीस माणसांचं."

"चाळीस माणसांचं? तू? घरी कधी चहा टाकलायस का?"

"घरी कोणी टाकायला सांगतच नाही ना."

आजी खळखळून हसली. बहीण मात्र हसली नाही.

नंतर मी भाचीला विचारलं, की एवढी वाट कशाची बघतेस? समुद्राची, डॉल्फिनची, नव्या मित्रमैत्रिणींची, असं काहीसं उत्तर येईल अशी माझी अटकळ होती. ती म्हणाली, "मामा, इथे सगळी प्रॅक्टिसच असते. मॉक टेस्ट, मॉक इंटरव्ह्यू. तिथे मी दोर सोडला तर शीड खरंच खाली येणार."

*

अशा जहाजावरचा दिवस पाळ्यांवर बेतलेला असतो. पोरांचे सहसा तीन गट पाडतात. प्रत्येक गटाने चार तास पहारा करायचा आणि आठ तास मोकळं राहायचं, दिवसातून दोनदा. मध्यरात्री बारा ते पहाटे चार ही पाळी कोणालाच नको असते आणि नेमकी तीच पुढे सगळ्यांच्या आठवणीत राहते. पहाऱ्यावरचा एक जण सुकाणूवर असतो, एक जण नाळेवर उभा राहून समोरचे दिवे हेरतो, एक जण तासातासाला जहाजभर फिरून कुठे पाणी शिरलंय का, काही तापलंय का, हे तपासून वहीत नोंद करतो. मोकळे आठ तासही नावालाच मोकळे. त्यात स्वयंपाकघरातली पाळी आली, साफसफाई आली. इंग्रजी जहाजांवर या साफसफाईच्या वेळेला 'हॅपी अवर' म्हणायची जुनी थट्टा आहे.

पहिले दोन दिवस बहुतेकांना बोट लागते. बोट लागलेल्या पोराला झोपायला पाठवत नाहीत. सुकाणूवर उभं करतात आणि क्षितिजाकडे बघ म्हणतात. हातात काम आणि डोळ्यांसमोर स्थिर रेषा असली की पोट बऱ्यापैकी ताळ्यावर येतं. पाळी बुडवायची सोय नसते, कारण तुमच्या जागी मग झोपेतून दुसऱ्या कोणाला तरी उठवावं लागतं आणि तो दुसरा सकाळी न्याहारीला तुमच्या समोरच बसलेला असतो.

दोरांचं शिक्षण वेगळंच. तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर दोर शंभराच्या पुढे जातात आणि प्रत्येकाची खुंटी ठरलेली असते. त्यांना सहसा नावाच्या पाट्या नसतात. काळोख्या रात्री पावसात हात घालून नेमका हवा तोच दोर सोडता आला पाहिजे, म्हणून मांडणी एका रीतीची असते. एका शिडाचे डावीकडचे दोर जिथे, तिथेच समोर उजवीकडचे. अमेरिकी जहाजांवर याचा खेळ करतात. दोन गट पाडायचे, दोराचं नाव पुकारलं की दोन्ही गटांनी धावत जाऊन त्या खुंटीला हात लावायचा. चुकीचा दोर सोडला गेला, तर वरच्या कित्येक मणांच्या काठीला धरणारं कोणी उरत नाही. त्यामुळे खेळ असला तरी हसण्यावारी कोणी नेत नाही.

आणि मग वर चढणं. ते सक्तीचं नसतं, हे मुद्दाम सांगायला हवं. चढायचं ते वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे वारा माणसाला शिडीवर दाबून धरतो. अंगात पट्टा असतो, त्याची कडी अडकवायची. खलाशांचा जुना दंडक असा, की एक हात जहाजासाठी आणि एक हात स्वतःसाठी. आडव्या काठीपाशी पोचलं की खरी गंमत येते. त्या काठीखाली एक दोर लोंबता बांधलेला असतो. त्यावर पाय ठेवून, काठीवर पोट टेकून, दोन्ही हातांनी जाड कापड ओढून घडी घालायची. पण दोर एकच आणि उभी पोरं पाच-सहा. नवा माणूस त्यावर पाय ठेवतो तेव्हा त्याच्या वजनाने इतरांच्या पायांखालचा दोर हिसका देऊन वर येतो. म्हणून पाय ठेवण्याआधी मोठ्याने ओरडून सांगायचं, सगळ्यांकडून उलट हाक यायची वाट बघायची आणि मगच पाऊल टाकायचं. आपल्या एका पावलाने शेजाऱ्याचा तोल जाऊ शकतो, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पाठ करून मार्क मिळतात. इथे ती तळपायाला कळते.

*

ही शर्यत सुरू झाली तीच मुळी निरोपाचा समारंभ म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर शिडाचा व्यापार संपला होता. बर्नार्ड मॉर्गन नावाच्या लंडनच्या एका निवृत्त सॉलिसिटरच्या मनात आलं, की उरलीसुरली प्रशिक्षण-जहाजं एकदा शेवटची एकत्र आणावीत. १९५६ साली इंग्लंडच्या टॉरबेपासून लिस्बनपर्यंत वीस जहाजं धावली. लोकांना ते इतकं आवडलं, की निरोप लांबतच गेला. १९७४ साली, शीतयुद्ध चालू असताना, सोव्हिएत रशियाची जहाजं आली आणि 'क्रुझेनश्टर्न' या रशियन जहाजालाच मैत्रीचा तो चषक मिळाला. २०२२मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियन जहाजांना येणं बंद झालं. समुद्रावर राजकारण नसतं, असं म्हणणाऱ्यांनी दोन्ही सालं लक्षात ठेवावीत.

समुद्रावर धोका नसतो, असं तर कोणीच म्हणत नाही. १९५७ साली 'पामिर' हे जर्मन जहाज अटलांटिकच्या वादळात बुडालं. ८६ जणांपैकी सहाच वाचले आणि गेलेल्यांत कोवळे कॅडेट पुष्कळ होते. १९८४ साली शर्यतीतच, बर्म्युडाजवळ, 'मार्केस' क्षणात पाण्याखाली गेलं. २८ पैकी १९ जण दगावले. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा जहाजांच्या स्थैर्याचे नियम कडक झाले. २०१२मध्ये सँडी चक्रीवादळ येत असताना 'बाउंटी' बंदर सोडून निघालं आणि बुडालं. कप्तान आणि एक महिला खलाशी गेले. २०२५च्या मे महिन्यात मेक्सिकोच्या नौदलाचं 'क्वाउतेमोक' न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन पुलावर आदळून त्याच्या डोलकाठ्या मोडल्या, दोन जण प्राणाला मुकले.

दुसरी बाजूही आहे. २०१०मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर 'कॉन्कॉर्डिया' हे कॅनडाचं शाळा-जहाज उलटलं. त्यावरचे ६४ जण, त्यांतले बहुतेक विद्यार्थी, दीड दिवसाहून अधिक काळ जीवरक्षक तराफ्यांवर तरंगत राहिले आणि सगळेच्या सगळे वाचले. पोरांनी तराफ्यात उतरण्याची कवायत केलेली होती. माझ्या बहिणीने या दोन्ही याद्या मला न विचारता आधीच वाचून ठेवल्या होत्या. तिचा निर्णय तिने असा सांगितला, "गाडी शिकवताना बाजूला बसते तेव्हा जेवढी भीती वाटते, तेवढीच वाटते. पण शिकवते ना?"

*

या उन्हाळ्यांतून पुढे काय मिळतं, हा आपला हमखास प्रश्न. अमेरिकेत त्याला थेट उत्तर आहे. तिथल्या अनेक शिडाच्या जहाजांवर कॉलेजची मुलं उन्हाळ्यापुरती इंटर्न म्हणून राहतात. हडसन नदीवरचं 'क्लिअरवॉटर' हे त्यांतलं नामांकित. लोकगायक पीट सीगर यांनी नदीचं प्रदूषण लोकांच्या डोळ्यांसमोर आणण्यासाठी ते बांधवून घेतलं आणि १९६९ साली पाण्यात सोडलं. त्यावरची तरुण मंडळी शाळेच्या मुलांना घेऊन जाळं टाकतात, आलेले मासे ओळखायला लावतात, पाणी तपासायला शिकवतात आणि मासे परत सोडतात. सकाळी शिक्षक, दुपारी खलाशी, संध्याकाळी रंगारी. पाण्यावर घालवलेल्या दिवसांचा हिशेब ठेवला, तर १८० दिवसांच्या अनुभवावर तिथल्या कोस्ट गार्डकडून शिडाच्या जहाजावरच्या कुशल खलाशाचा दाखला मिळवता येतो. काही जण मग व्यापारी जहाजांवर जातात, काही सागरी संग्रहालयांत, काही जुन्या जहाजांच्या दुरुस्तीत. बहुतेक मात्र डॉक्टर, शिक्षक, प्रोग्रामर असं काहीतरी नेहमीचंच होतात.

पैशाची गणितं मात्र कुठेच सोपी नाहीत. ब्रिटनमधल्या ज्युबिली सेलिंग ट्रस्टने अपंग आणि धडधाकट माणसांनी बरोबरीने चालवावीत अशी दोन जहाजं बांधली होती. व्हीलचेअरवरचा माणूसही डोलकाठीवर चढवला जाई. २०२३मध्ये निधीअभावी त्या ट्रस्टला काम थांबवावं लागलं. लाकूड, दोर, विमा, गोदीचं भाडं, सगळंच महाग आहे आणि शिकायला येणाऱ्या पोरांच्या भाड्यातून ते कधीच निघत नाही. ही जहाजं चालतात ती सरकार, नगरपालिका आणि देणगीदार यांच्या जिवावर.

*

आता थोडं आपल्याकडे वळू, कारण या गोष्टीची एक मुळी थेट मुंबईच्या गोदीत रुजलेली आहे.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. २०१० आणि २०२३ साली शर्यतीची जहाजं तिथे आली होती. त्याच गावात 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज जतन करून ठेवलं आहे. आजही तरंगत असलेलं हे सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज. ते बांधलं मुंबईत, मलबारच्या सागवानात, जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली. त्याचे नकाशे इंग्लंडहून ज्या 'जावा' जहाजाने निघाले, ते १८१२मध्ये अमेरिकनांशी लढताना संपलं, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले. पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या तुळईत चांदीचा खिळा ठोकून काम सुरू झालं आणि ऑक्टोबर १८१७मध्ये जहाज पाण्यात उतरलं. वाडियांच्या सागवानाचा टिकाऊपणा असा, की १८९७मध्ये ते भंगारातून वाचवून 'फुद्रोयां' या नव्या नावाने पोरांचं प्रशिक्षण-जहाज करण्यात आलं. १९८६पर्यंत इंग्रज मुलं त्यावर येऊन राहत, झोळीत झोपत, वल्हवायला आणि शीड हाकायला शिकत.

हे एकटंच नाही. १८२१ साली मुंबईत बांधलेलं 'गँजेस' पुढे नौदलात भरती झालेल्या पोरांची शाळा झालं. शाळा जमिनीवर आली तरी नाव तेच राहिलं आणि तिथल्या उंच डोलकाठीच्या टोकावरच्या थाळीएवढ्या जागेवर एका पोराने ताठ उभं राहून सलाम ठोकण्याची प्रथा गाजली. १८१५चं मुंबईचं 'वेलस्ली' तर टेम्स नदीत बालगुन्हेगारांना सुधारण्यासाठी नांगरलं होतं. १९४० साली जर्मन बॉम्बहल्ल्यात ते गेलं.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी जहाजावर पाठवणं ही गरिबाच्या पोराची शिक्षा होती किंवा नाइलाज. आज मध्यमवर्गीय पोरं त्याच कामासाठी कपबश्या उचलून पैसे साठवतात. दोर तेच, वारा तोच, पाळी तीच. बदललं ते किनाऱ्यावरचं जगणं. तिथे पोरांवर सोपवायला काही उरलंच नाही. त्यांची सोय बघणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्यावाचून कोणाचं अडत नाही. सतराव्या वर्षी आपल्यावाचून अडावं, ही भूक जबर असते.

*

आपली शिडाची जहाजंही आहेत आणि ती गोव्यात बांधलेली आहेत. वास्कोच्या गोवा शिपयार्डने बांधलेलं 'तरंगिणी' १९९७ साली नौदलात आलं. तीन डोलकाठ्या, वीस शिडं, ५४ मीटर लांबी. २००३-०४मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणारं ते भारतीय नौदलाचं पहिलं जहाज ठरलं. २०१८मध्ये ते टॉल शिप्सच्या शर्यतीसाठी इंग्लंडात सुंदरलंडला गेलं होतं, तिथून 'ट्रिंकोमाली' जेमतेम तीसेक किलोमीटरवर. दोघांच्या वयात सुमारे १८० वर्षांचं अंतर, बांधणी मात्र एकाच पश्चिम किनाऱ्याची. 'तरंगिणी'चं धाकटं भावंड 'सुदर्शिनी' २०१२चं. २०२६च्या जानेवारीत ते 'लोकायन २६' या दहा महिन्यांच्या सफरीवर कोचीहून निघालं. हुन्नर अजून जागता आहे याचा आणखी दाखला म्हणजे 'कौंडिण्य'. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातलं गलबत समोर ठेवून, खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवून, गोव्यात बांधलेलं हे जहाज २०२५च्या डिसेंबरात पोरबंदरहून निघालं आणि जानेवारीत मस्कतला पोचलं.

या जहाजांवर शिकतात ते मुख्यतः नौदलाचे कॅडेट. ते योग्यच आहे, जहाजं त्यांच्यासाठी आहेत. पण 'तरंगिणी'चा आराखडा काढणारे कॉलिन मडी यांनीच ऑस्ट्रेलियाचं 'यंग एंडेव्हर' आखलं होतं, १९८८मध्ये ब्रिटनने ऑस्ट्रेलियाला दिलेली भेट. तेही तिथलं नौदलच चालवतं. मात्र त्यावर जातात १६ ते २३ वयाची सामान्य नागरिकांची मुलं-मुली, एका वेळी २४. सफरीच्या अखेरीस पोरं आपल्यातूनच कप्तान निवडतात आणि एक अख्खा दिवस जहाज त्यांच्या ताब्यात असतं. नौदलाची माणसं बाजूला उभी राहून नुसती बघतात. या पोरांनी नौदलात यावं अशी अट नाही आणि अपेक्षाही नाही.

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे. एनसीसीच्या नौदल शाखेची मुलं-मुली व्हेलर होड्यांतून शीडसफरी करतात, कुलाब्याला सी कॅडेट कोअर वर्षानुवर्षं काम करते आहे. पण लातूरच्या किंवा साताऱ्याच्या, गणवेशाशी संबंध नसलेल्या एखाद्या मुलीला शिडाच्या जहाजावर चार पाळ्या करायच्या असतील, तर तिने जायचं कुठे? नवं जहाज बांधायला पैसे लागतील आणि ते उभे राहीपर्यंत एक पिढी म्हातारी होईल. त्याआधी करण्यासारखी साधी गोष्ट म्हणजे आहे त्या जहाजाचा एखादा कोची-गोवा-मुंबई टप्पा वर्षातून एकदा नागरी पोरांसाठी ठेवणं. दहा दिवस, वीसेक जागा, वय १६ ते २३, सोडतीने निवड. पावसाळा टाळून दिवाळीच्या सुट्टीनंतरचा मुहूर्त उत्तम, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर वारा पोरांच्या बेताचा असतो.

अर्ज पुरेसे येतील का, ही काळजी नौदलाने करू नये. पोरं रांग लावतील. फॉर्मच्या तळाशी पालकांच्या सहीची जी रेघ असते, ती किती ठिकाणी कोरी राहील, ते मात्र मला सांगता येणार नाही.